नऊ नंबरची फाईल

दत्ता, तुझा डबा काल उघडला. त्याला कॉम्प्युटर तू कधी म्हणाला नाहीस, म्हणून मीही म्हणत नाही. तू गेल्याला अडीच महिने झाले. या अडीच महिन्यांत मी मनातल्या मनात तुझ्याशी इतकं बोललोय, की समोरासमोर याच्या निम्मं बोललो असतो तरी आज असं लिहायची पाळी आली नसती.

गेल्या आठवड्यात शालन वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यांचा डबा चालू व्हईना की. पंखा फिरतोय, पर पडदा काळाच. नुसता पिप पिप करतोय. ह्यांचं लिखाण हाय त्यात. तेवढं काढायचं बघा की." आपलं भांडण झालं होतं एवढं वहिनींना ठाऊक होतं. कशावरून झालं ते तू त्यांना सांगितलं नसावंस, नाहीतर त्यांनी हे काम माझ्यावर टाकलं नसतं. मी "येतो" म्हणालो. आणि फोन ठेवल्यावर माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? तो डबा सुरू झालाच नाही तर बरं होईल. कारण त्या डब्यात माझ्या वडिलांचं पान होतं.

हे लिहायला लाज वाटते, पण तुझ्यापाशी आता काय लपवायचं.

आपला बोळ चौदा घरांचा. सात घरं अलीकडं, सात पलीकडं, मध्ये एक नळ. आठ नंबर तुझं, नऊ नंबर माझं, आणि मध्ये एक भिंत, जिच्यातून शेजाऱ्याची शिंकसुद्धा ऐकू यायची. मिल बंद पडली, माणसं पांगली, घरांच्या जागी गाळे झाले. तू पाणीपुरवठ्यात, नळाचे व्हॉल्व्ह उघडणारा चावीवाला म्हणून लागलास आणि शहरातला प्रत्येक बोळ पायाखाली घातलास. निवृत्त झालास आणि एक दिवस म्हणालास, "विजय, आपल्या बोळाचं लिहिणार हाय. एकेक घर घेणार. कोण राहत हुतं, काय करत हुतं, समदं." मी हसलो. दहावी पास चावीवाला पुस्तक लिहिणार म्हणून हसलो, असं तुला तेव्हा वाटलं नाही. वाटायला हवं होतं.

टायपिंग मात्र मीच शिकवलं. सरकारी कचेरीत तीस वर्षं टंकलेखक होतो, आणखी काय येतं मला? तुला फोनवर लिहायची मराठी नको होती. "बोटं टोचून लिहायला मी काय कोंबडी हाय व्हय?" म्हणालास. म्हणून मी तुझ्या डब्यात तो जुना फॉन्ट टाकला, टाइपरायटरच्या पद्धतीचा, आणि कीबोर्डवर तुझे हात ठेवून वरून टॉवेल टाकला. टायपिंगच्या क्लासात आमच्या सरांनी आम्हाला असंच शिकवलं होतं. बघायचं नाही, बोटांनी ओळखायचं. व्हॉल्व्हचे पाने फिरवून फिरवून घट्टे पडलेली तुझी बोटं त्या टॉवेलाखाली चाचपडायची आणि पडद्यावर भलतंच काहीतरी उमटायचं. तू चिडायचास. मी म्हणायचो, "मान खाली घालायची नाही." वहिनी चहा घेऊन आल्या की म्हणायच्या, "दोघं म्हातारी काय लपवाय लागलीत टॉवेलाखाली?" सहा महिन्यांत तू न बघता लिहायला लागलास. मला कचेरीत शिकायला आलेल्या एकाही पदवीधराचा इतका अभिमान वाटला नव्हता. हे तुला म्हणालो नाही. म्हटलं, डोक्यावर बसशील.

दर घराची वेगळी फाईल. एक ते चौदा. मी म्हणायचो, पेनड्राइव्हवर काढून ठेव. तू म्हणायचास, "पेनड्राइव्ह खिशातनं पडतोय. डबा कुटं पळून जातोय?" या वादाचा निकाल काल लागला, आणि जिंकल्याचा मला काडीचा आनंद झाला नाही.

मग गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीची ती संध्याकाळ. तू मोठ्या हौसेनं बोलावलंस. "नऊ नंबर झालं लिहून. ऐक." आणि वाचायला लागलास. संपाला महिना होत आला होता, बोळातल्या चुली थंड होत्या, आणि एका सकाळी नऊ नंबरचे सखाराम मिलच्या मागच्या फाटकानं कामावर गेले. तू वाईट लिहिलं नव्हतंस. नालायक म्हटलं नव्हतंस, फितूर हा शब्द वापरला नव्हतास. पण माझं डोकं फिरलं.

"हे काढून टाक."

"का म्हणून? आख्ख्या बोळाला ठाऊक हाय."

"ठाऊक असणं वेगळं आणि छापणं वेगळं. बाप माझा आहे."

"आरं, तुझा बाप वाईट नव्हता, म्हणून तर लिहितोय. त्यो का गेला त्येच मला कळंना. तुला ठाऊक आसंल तर सांग की. तेबी लिहितो."

इथंच मी थांबायला हवं होतं. थांबलो नाही. म्हणालो, "चावी फिरवणाऱ्यानं चाव्या फिरवाव्यात. पुस्तकं लिहायच्या भानगडीत पडू नये."

तू चष्मा काढलास, शर्टाच्या टोकानं पुसलास, परत घातलास. मी चपला घालून निघालो. तू दारापर्यंत आलास, ही तुझी सवय, भांडून चाललेल्या माणसालाही तू दारापर्यंत सोडायचास.

त्यानंतर आठ महिने. आठ महिने म्हणजे काय थोडा काळ असतो? एकाच गावात, सायकलनं दहा मिनिटांवर. चौकातल्या चहाच्या गाड्यावर तू एकदा दिसलास. हात वर केलास. मी समोरच्या दुकानाची पाटी वाचत उभा राहिलो, जणू आयुष्यात पहिल्यांदाच पाटी बघत होतो. तुझा हात किती वेळ वर होता कोण जाणे. मी बघितलंच नाही, आणि आता रोज बघतो. मला वाटत होतं, तू त्या पानासकट पुस्तक छापणार. तू हट्टी, मी तुला ओळखतो. म्हणून मीही अडून बसलो. मग मे महिन्यातल्या त्या दुपारी फोन आला. मी पोचलो तेव्हा तुला बाहेर आणून ठेवलं होतं आणि ऊन असं होतं, की लोक सावली धरून उभे होते. मी उन्हात उभा राहिलो. त्यानं काय झालं? काही नाही. डोकं दुखलं.

काल अंबादासला घेऊन तुझ्या घरी गेलो. अंबादास म्हणजे आमच्या गल्लीत कॉम्प्युटर दुरुस्त करतो तो. त्याच्या घरी पूर्वी माग होते. आता माग गेले, पण बारीक तुटलेला धागा हुडकायची नजर त्याच्यात राहिलीय. त्यानं डब्याचं झाकण काढलं आणि हसायलाच लागला. आत शेजारच्या कारखान्यातनं उडून आलेला कापसाचा तूस गच्च बसला होता, आणि त्या तुसावर हळद, कुंकू आणि झेंडूच्या वाळक्या पाकळ्या.

"काका, ह्याची पूजा बाहेरनं केली का आतनं?"

वहिनी म्हणाल्या, "खंडेनवमीला झाकण काढूनच करायचे. म्हणायचे, खरं काम आतलं करतंय, वरच्या पत्र्याला कुंकू लावून काय उपेग?"

मी हसलो, दत्ता. तुझ्या माघारी पहिल्यांदा हसलो. पाण्याच्या व्हॉल्व्हलाही तू असंच झाकण उघडून आतल्या चाकाला कुंकू लावायचास. व्हॉल्व्हला ते सोसलं. डब्याच्या नाजूक जिवाला कसं सोसावं?

अंबादासनं ब्रशनं तूस काढला. वहिनींकडून खोडरबर मागून घेतला आणि रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी कड त्यावर घासली, अगदी शाळेतलं चुकलेलं गणित खोडावं तशी. पट्टी परत बसवली. पिप पिप थांबलं. पडद्यावर पांढरी अक्षरं आली आणि तिथंच अडकून बसली. तासभर त्यानं नाना उपाय केले. शेवटी म्हणाला, "मशीन बरं हाय काका, पर आतली विंडोज गेली. डिस्क काढून माझ्या लॅपटॉपला लावून बघतो."

काल तुमच्या भागात पाणी यायचा दिवस होता. वहिनी मोरीत पिंप भरत होत्या आणि दर पाच मिनिटांनी ओल्या हातानं येऊन दारात उभ्या राहत होत्या. मी खुर्चीत बसलो होतो. तुझ्या खुर्चीत नाही, माझ्या. माझी खुर्ची तिथंच होती, तुझ्या उजव्या हाताला, इतक्या महिन्यांत कुणी हलवली नव्हती.

"डिस्क जिवंत हाय," अंबादास म्हणाला. "हे बघा, बोळ नावाचं फोल्डर. चौदा फायली." त्यानं पहिली उघडली. पडद्यावर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस, आकडे, सगळा काला. दुसरी उघडली, तसलीच. तिसरी, तसलीच. "ऱ्हायलं काका. फायली करप्ट हाईत समद्या. कचरा हाय ह्यात. फॉरमॅट मारू का? नवीन विंडोज टाकून देतो, नातवंडं खेळतील तरी."

मला एका नजरेत कळलं होतं, काय झालंय ते. फायलींना काहीही झालं नव्हतं. अंबादासच्या लॅपटॉपवर आपला जुना फॉन्ट नव्हता, एवढंच. ज्या किल्ल्या दाबल्या, त्यांची इंग्रजी अक्षरं तेवढी दिसत होती. अंबादासला ते कळायचं कारण नव्हतं, तो फोनवर मराठी लिहिणाऱ्या पिढीतला. वहिनींना कळणं शक्य नव्हतं. त्या खोलीत हे एकट्या मला ठाऊक होतं. मी नुसती मान हलवली असती तर माझ्या वडिलांचं पान कायमचं गेलं असतं. कुणाला संशय आला नसता. उलट, भावजींनी प्रयत्न केला, असं वहिनी म्हणाल्या असत्या.

मी गप्प बसलो. एखादं मिनिट असेल. दत्ता, त्या एका मिनिटापुरता मी खरोखरच तुझ्या चौदा घरांचा मालक होतो, आणि ती पाडायला निघालो होतो.

वहिनी पदराला हात पुसत आत आल्या. "भावजी, हाय का ओ त्यात?"

लिखाण म्हणाल्या नाहीत. नुसतं "हाय का" म्हणाल्या. मला खोटं बोलवेना.

"आहे," मी म्हणालो. "सगळं आहे. अंबादास, नऊ नंबरची फाईल उघड."

बाकीच्या फायली लांबलचक होत्या. ही एका ओळीची. मला वाटलं, ही मात्र खरंच बिघडली. मग ओळीतली अक्षरं पाहिली. एफ, ओ, टी आणि पुढं अर्धविराम. अंबादासच्या कीबोर्डवर मी बोटं ठेवली आणि त्या किल्ल्या नुसत्या चाचपल्या. डावी तर्जनी, उजवी अनामिका, परत डावी तर्जनी, उजवी करंगळी. तीस वर्षं जे बोटांत बसलंय ते कुठं जातंय? माझं नाव होतं ते. विजय.

तो जुना फॉन्ट तुझ्याच डिस्कवर होता. कुठल्या फोल्डरात असतो ते मी दाखवलं, अंबादासनं तो उचलून लॅपटॉपवर टाकला आणि फाईल पुन्हा उघडली. पडद्यावर तुझं मराठी उमटलं. "नऊ नंबर. हे घर विजयनं लिहायचं." बस्स. खाली सगळं कोरं.

फाईल शेवटची कधी बदलली, ते तिच्या नावाशेजारी लिहून येतं. मी विसर्जनाची तारीख आठवली आणि बोटांवर मोजलं. आपलं भांडण झालं त्याच्या तिसऱ्या दिवशी तू ते पान पुसलंस. तिसऱ्या दिवशी! चौकात तू हात वर केलास तेव्हा ते पान नव्हतंच. मी कशावर रुसून बसलो होतो? अरे, फोन करून सांगायचं नाहीस? की मी येऊन वाचेन म्हणून खुर्ची तशीच ठेवून वाट बघत बसलास? तुझा राग येतो दत्ता. असा राग येतो की भांडायला तू हवास.

वहिनी म्हणाल्या, "वाचून दाखवा की एक तरी." मी आठ नंबर उघडलं. तुझंच घर. तुझी आई, तिची विकायच्या भाकरी भाजून काळी पडलेली बोटं, तुझ्या वडिलांचा खोकला. वाचत वाचत संपापर्यंत आलो. तिथं तू लिहिलंस: "संपात एकदा टोपलीतल्या दोन भाकरी गेल्या. आई मला लई मारली. मी खाल्ल्या नव्हत्या. कुणी खाल्ल्या ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही."

मला पुढं वाचता येईना. वहिनींना वाटलं, तुझ्या आठवणीनं दाटून आलं. तेही खरंच होतं.

आईला कळलं नाही, असं लिहिलंस. मला कळलं नाही, असं लिहिलं नाहीस. दत्ता, तुला ठाऊक होतं का? शाळेत एका बाकावर बसताना, नळावर आमची घागर सगळ्यांत शेवटी ढकलली जायची तेव्हा तू ती उचलून पुढं लावायचास त्या वेळी, टॉवेलाखाली माझ्याकडून टायपिंग शिकताना, तुला सगळं ठाऊक होतं का? वडील संपात कामावर का गेले, हे माझ्या तोंडून यावं म्हणून तू त्या संध्याकाळी विचारत होतास का? उत्तर द्यायला तू नाहीस. मी कितीही वेळा विचारलं तरी नाहीस.

वहिनींना मी म्हटलं, थोडा वेळ बसतो. त्या परत पाणी भरायला गेल्या. अंबादास दुसऱ्या गिऱ्हाइकाकडं निघाला होता, तो म्हणाला, "लॅपटॉप ऱ्हाऊ द्या काका, सांजच्याला नेतो." मी खुर्ची पुढं ओढली, नऊ नंबरची फाईल उघडली आणि तुझ्या ओळीखाली लिहायला लागलो. मान खाली घातली नाही.

"संपात मी नऊ वर्षांचा होतो. दोन दिवस पोटात काही नव्हतं. आठ नंबरच्या घरात कुणी नाही असं बघून मी टोपलीतल्या दोन भाकरी घेतल्या आणि नळामागं बसून खाल्ल्या. वडिलांनी मला खाताना पाहिलं. ते मला काही बोलले नाहीत. त्या रात्री भिंतीपलीकडून दत्ताचं रडणं ऐकू येत होतं आणि आम्ही दोघं बापलेक जागे होतो. सकाळी वडील मागच्या फाटकानं कामावर गेले. भाकरी मी चोरल्या. मार दत्ताला बसला."